घासू की ठेवू?

"ताई, घासू की ठेवू?" वेल्डर मामांनी विचारलं तेव्हा त्यांच्या हातातला ग्राइंडर अजून गरगरतच होता. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात, चार लोखंडी घोड्यांवर उचलून ठेवलेल्या जीपच्या चेसिसशेजारी, म्हणजे तिच्या सांगाड्याशेजारी, मी उकिडवी बसले होते. सांगाड्याच्या डाव्या लांब दांड्यावर, म्हणजे रेलवर, नवी पट्टी बसली होती आणि तिच्या कडेकडेनं वेल्डिंगची जाड, खवल्याखवल्यांची रेघ गेली होती. अजून ऊन होती. ही रेघ घासून सपाट केली, वर प्रायमर आणि काळा रंग मारला, की इथे कधी काही झालं होतं हे कुणाच्या लक्षात येणार नाही. नाही घासली, तर खाली वाकून बघणाऱ्याला कायम दिसणार. मी म्हटलं, "सांगते उद्या." मामांनी खांदे उडवले, ग्राइंडर बंद केला आणि पोराला चहा सांगायला पाठवलं. झालं एवढंच. पण घरी परतताना तीन हात नाक्याच्या सिग्नलला रिक्षा अडकली होती, समोरच्या बसच्या धुरानं डोळे चुरचुरत होते, आणि माझ्या डोक्यात मात्र तेच चाललं होतं. इतक्या साध्या प्रश्नाला मला पटकन उत्तर का देता येऊ नये?

जीप काकांची. महिंद्राची सीजे थ्री बी, पेट्रोलवाली, उंच बॉनेटची. हे मॉडेल मूळ अमेरिकेतल्या विलिस कंपनीचं, १९५३ सालचं. नव्या इंजिनाचे इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले, इंजिनाची उंची वाढली, म्हणून बॉनेटही वर उचलावं लागलं. त्यामुळे तिचा चेहरा थोडा बावळट दिसतो हे मान्य करायला हवं. युद्धातल्या जीपचा रुबाब तिच्यात नाही. पुढच्या-मागच्या चाकांत अंतर जेमतेम ८० इंच, वर एवढं मोठं डोकं. अमेरिकेत ती १९६८ पर्यंत निघाली, आपल्याकडे महिंद्रानं त्यानंतरही बरीच वर्षं चालवली. पोलिसांकडे, पाटबंधारे खात्याकडे, साखर कारखान्यांच्या शेतकी अधिकाऱ्यांकडे, निवडणुकीत भोंगे बांधून, सगळीकडे हीच असायची. काकांनी घेतली ती रेतीसाठी. कळवा आणि मुंब्र्याच्या रेतीबंदरावर त्यांचा धंदा होता. स्वतः रेती काढायचे नाहीत. होड्या, माणसं आणि ट्रक यांची सांगड घालायचे, आणि त्यासाठी दिवसातून चारदा खाडीच्या काठापर्यंत जावं लागायचं.

सुट्टीत मी मागच्या आडव्या बाकड्यावर बसून जायचे. सीजेची पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते, त्यामुळे गाडीत कायम पेट्रोलचा वास, आणि काका म्हणायचे, "आपण बाँबवर बसून धंदा करतो." ओहोटीला काठ उघडा पडायचा, काळाशार चिखल उन्हात चकाकायचा आणि त्यावरून जीप डुलत डुलत होड्यांपर्यंत जायची. डुबी मारणारी माणसं बांबूला धरून खाली जायची आणि बादली भरून वर यायची. त्यांचे डोळे लाल असायचे. वर आल्यावर पहिला श्वास घेताना ती जो आवाज करायची तो मला अजून आठवतो, आणि सुट्टी संपल्यावर शाळेत 'माझा आवडता दिवस' हा निबंध लिहायला लागायचा तेव्हा हे लिहावं की नाही असा प्रश्न पडायचा. येताना चाकांनी उडवलेला चिखल खालून चेसिसला जाऊन बसायचा. काका वरून बादलीभर पाणी मारायचे, बॉनेट फडक्यानं पुसायचे. खाली कोण बघतंय!

पुढे रेती बंद झाली, काका थकले, आणि जीप आमच्या नौपाड्यातल्या इमारतीच्या मागच्या बाजूला ताडपत्रीखाली उभी राहिली. ताडपत्री घातली की गाडी सुरक्षित, अशी आमची सगळ्यांची समजूत. प्रत्यक्षात ताडपत्री पाऊस अडवते आणि जमिनीतून वर येणारी ओलही आतच कोंडून ठेवते. काका गेल्यावर काकूनं किल्ली माझ्या हातात दिली. तिला दोन मुलगे आहेत, दोघांनाही जीप नको होती. एकानं भंगारवाल्याला फोनही लावला होता.

मामा पूर्वी याच इस्टेटमधल्या एका कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये होते. वागळे इस्टेट ही एमआयडीसीची पहिली वसाहत, १९६२ सालची. आता तिथल्या निम्म्या शेड पाडून काचेच्या इमारती उभ्या राहिल्यात आणि दुपारी गळ्यात ओळखपत्र अडकवलेली मुलं वडापाव खात उभी असतात. मामांची कंपनी बंद पडली, पण त्यांनी इस्टेट सोडली नाही. त्याच भागात छोटा गाळा भाड्यानं घेतला. गाडी पहिल्यांदा पाहिली तेव्हा त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. खाली पाठीवर झोपले, हातोडी मागितली आणि रेलवर ठोकत ठोकत पुढून मागे गेले. टण्, टण्, टण्. आणि डाव्या बाजूला, पुढच्या स्प्रिंगच्या पाट्याच्या हँगरजवळ, थप्प. "ऐकलंत?" खालूनच विचारलं त्यांनी. मग स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि अंगठ्याच्या जोरानं दाबला. तो मुठीपर्यंत आत गेला.

पण खरी गंमत त्यानंतर होती. त्या जागी वरून तर सगळं गुळगुळीत, काळं, व्यवस्थित दिसत होतं. मामांनी वायर ब्रश लावला तर रंगाखाली लांबी, म्हणजे पुट्टी, निघाली, बोटभर जाडीची. लांबीखाली पातळ पत्रा, डब्याला असतो तसला, चार टाके मारून चिकटवलेला. त्याच्याखाली काहीच नाही. मध्ये कधीतरी पासिंगसाठी गाडी एका गॅरेजला गेली होती, तेव्हाची ही करामत असणार. पासिंग झालं होतं. काका त्यानंतर कितीतरी वर्षं त्या रेलच्या भरवशावर कसारा घाट चढले-उतरले होते, मागे आम्हाला बसवून.

पत्रा काढल्यावर आतून चिखल पडला. सीजेची चेसिस बहुतांशी उघड्या चॅनलची, पण पुढच्या भागात त्या चॅनलला आतून पट्टी लावून बंद पेटी केलेली असते, ताकदीसाठी. त्या पेटीत चिखल एकदा शिरला की बाहेर यायला वाट नाही. कोरडा, करडा, दगडासारखा घट्ट झालेला चिखल मामांनी सळईनं खरवडून काढला आणि कागदावर पसरला. त्यात शिंपल्या होत्या. नखाएवढ्या, पांढऱ्या, अगदी शाबूत. मी त्यातल्या दोन-तीन पर्समध्ये टाकल्या. नवरा म्हणाला, फेकून दे, वास येईल. वास येत नाही.

गंज म्हटलं की आपल्याला वाटतं लोखंड झिजतं, कमी होतं. ते होतंच, पण त्याबरोबर उलटंही होतं. गंज फुगतो. लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आले की जे लालसर तयार होतं ते मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा मागतं. दोन पत्रे एकमेकांवर रिव्हेटनं घट्ट बसवलेले असतील तर मधला गंज त्यांना आतून ढकलतो, रिव्हेटची डोकी तुटेपर्यंत. पापुद्रे सुटतात, पापुद्र्यांमध्ये ओल धरते, ओलीतून आणखी गंज. खाडीचं मीठ त्यात भर घालतं, कारण मीठ हवेतलं बाष्प ओढून घेतं. बाहेर कोरडं ऊन पडलेलं असताना आत पेटीत ओलावा टिकून राहतो. आणि मिठातलं क्लोराइड लोखंडावर बसणारा कुठलाही संरक्षक थर टिकू देत नाही. म्हणून खाडीत वापरलेली गाडी दापोडीच्या गोदामात दहा वर्षं उभी राहिली तरी गंजतच राहते. खाडी तिच्या आत बसलेली असते.

हे सगळं मला नवं नव्हतं. गेली काही वर्षं आमच्या सोसायटीच्या सभेत आम्ही हेच ऐकतोय. इमारतीचे बीम फुटतात, स्लॅबचे पोपडे खाली पडतात, ते याच कारणानं. आतली सळई गंजते, फुगते, काँक्रीट तडकतं. आमच्या जिन्यात एका बीमच्या पोटातून सळया उघड्या पडल्या आहेत आणि त्यांच्यावरचा गंज मी चेसिसवर पाहिला तसाच थरांनी सुटतोय. तीस वर्षांवरच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट करावं लागतं, आमचं झालं. दर पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका धोकादायक इमारतींची यादी काढते तेव्हा सगळे व्हॉट्सअॅपवर आधी आपलं नाव शोधतात. आधीच्या कमिटीनं एकदा दुरुस्ती केली होती. म्हणजे प्लास्टर केलं, बाहेरून फिकट पिवळा रंग दिला, गणपतीच्या आधी. काय सुंदर दिसत होती इमारत त्या वर्षी! दोन पावसाळ्यांत पुन्हा भेगा. आतल्या सळईला कुणी हातच लावला नव्हता.

मी पुनर्विकासाच्या बाजूनं हात वर केला. आणि त्याच आठवड्यात मामांना चेसिसचा अॅडव्हान्स दिला.

नवऱ्यानं यावर काही बोलायचं टाळलं, पण त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. माझ्याकडे उत्तर नाही असं नाही, पण ते फारसं सुसंगत नाही. इमारतीत वरच्या मजल्यावर माणसं झोपतात, तिथे प्रयोग नको. जीपमध्ये रविवारी फक्त मी. शिवाय इमारत पाडून नवी बांधली तरी पत्ता तोच राहतो, शेजारी तेच. चेसिस बदलली तर? नवी चेसिस मिळते. हरियाणात डबवालीकडे जुन्या जीपांच्या चेसिस, बॉडी, सगळं नव्यानं बनवून मिळतं, ट्रान्सपोर्टनं घरपोच. एका ओळखीच्या जीपवाल्यानं तोच सल्ला दिला होता: "जोडत बसू नका, बदलून टाका, पैसे सारखेच." हिशोबानं तो बरोबरही असेल. पण चेसिस नंबर ज्या लोखंडावर ठोकलेला आहे ते लोखंडच गेलं तर आरटीओची परवानगी, नवीन नंबर ठोकणं, पुन्हा कागद, हे सगळं मागे लागतं. आणि खरं सांगायचं तर कागदांचं कारण मी पुढे करत होते. मला ती रेल हवी होती. जिच्यात शिंपल्या निघाल्या ती.

मामांचं काम बघणं हा वेगळाच आनंद होता, आणि त्याबद्दल मी मुद्दाम जास्त लिहिणार आहे. आधी टाकी काढली, बॅटरी काढली. टाकी गाळ्याच्या बाहेर, दूर. मग बॉडीचे बोल्ट. अर्धे कापावेच लागले. चेन ब्लॉकनं बॉडी वर घेतली आणि चेसिस उघडी झाली: दोन लांब रेल, मध्ये आडवे मेंबर, रिव्हेटनं जोडलेले. बाकी काही नाही. इतक्या मोठ्या गडगडाटाच्या मागे एवढी साधी शिडी. कापायच्या आधी मामांनी चारही पाट्यांच्या हँगरच्या बोल्टपासून टेप लावून कर्ण मोजले, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात आणि उलट. फरक खडूनं जमिनीवर लिहून ठेवला. मग अँगलचे तुकडे आडवे टाकून दोन्ही रेल एकमेकींना बांधल्या, कारण एकीचा तुकडा कापला की दुसरी ताणानं सरकते. चेसिस नंबरच्या जागेभोवती त्यांनी खडूनं चौकोन काढला आणि पोराला दम भरला, "इथे ग्राइंडर नेलास तर घरी जा."

गंजलेला भाग कापताना ते थांबेचनात. मला वाटायचं झालं, आता चांगलं लोखंड लागलं. ते हातोडी मारायचे, ऐकायचे आणि आणखी बोटभर कापायचे. मग चांगल्या जागी व्हर्नियर लावून मूळ पत्र्याची जाडी मोजली आणि तेवढ्याच जाडीची प्लेट मागवली. मी म्हटलं, जाड घेऊ या ना, मजबूत होईल. मामा हसले. जाड तुकडा वाकत नाही. मग वाकायचं सगळं काम त्याच्या शेजारच्या जुन्या पत्र्यावर येतं आणि पुढची भेग तिथे पडते. पट्टीची टोकंही सरळ कापली नाहीत, तिरपी केली, म्हणजे जोड रेलच्या उभ्या रेषेत येत नाही आणि ताण एका जागी साचत नाही. रेलच्या वरच्या आणि खालच्या कडेवर आडवा टाका मारायचा नाही हा त्यांचा नियम, कारण चेसिस वाकते तेव्हा सगळ्यात जास्त ओढ त्याच दोन कडांना बसते. वेल्डिंगचे रॉड ७०१८ जातीचे, आणि ते आधी छोट्या भट्टीत सुकवलेले, कारण ओल धरलेल्या रॉडनं टाका आतून तडकतो. एक टाका इकडे, मग उठून पलीकडे, मग पुन्हा इकडे. एका दमात ओढलं तर उष्णतेनं रेल पिळवटते. मधल्या वेळात विडी. दोन टाक्यांमधली शांतता त्या कामाचाच भाग होती, फक्त पलीकडच्या गाळ्यातला पंचिंग प्रेस ती सतत मोडत होता. वेल्डिंगच्या काचेतून मला फक्त हिरवा उजेड आणि त्यात वितळून गोळा होणारा एक ठिपका दिसायचा. घरी आल्यावर केसांना तापलेल्या लोखंडाचा आणि जळक्या रंगाचा वास यायचा, दोनदा धुतले तरी.

जिथे रिव्हेट तुटले होते तिथे मामांनी भोकांना रीमर मारून ८.८ ग्रेडचे, जास्त ताकदीचे बोल्ट घट्ट बसवले. गरम रिव्हेट ठोकणारा माणूस आता मिळत नाही म्हणाले. एकेकाळी याच रस्त्यावर होते, बसले की दोन माणसं, एक भट्टीवर, एक हातोड्यावर.

आणि मग तो प्रश्न. घासू की ठेवू.

आमच्या घरी फाटलेलं दिसू द्यायचं नाही असा शिरस्ता होता. बाबांच्या पँटला भोक पडलं तर आई गोखले रोडवरच्या रफूवाल्याकडे द्यायची. तो त्याच कापडाच्या शिवणीतले धागे काढून भोक असं विणायचा की उलटं करून बघितलं तरच कळायचं. गावाला आजीकडे मात्र ठिगळ. लाल चौकटीच्या लुगड्याचा तुकडा निळ्या गोधडीवर, टाके मोठे, सरळ दिसणारे. लहानपणी मला ठिगळाची लाज वाटायची. आता कळतंय की रफू केलेली पँट बाबांनी फार वापरली नाही; गुडघ्याशी पुन्हा फाटेल या भीतीनं ती कपाटातच राहिली.

पण लोखंडाच्या बाबतीत प्रश्न नुसता दिसण्याचा नव्हता, हे मामांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. पट्टीच्या कडेचा टाका जो कोपऱ्यात भरलेला असतो, त्याची ताकद त्याच्या जाडीत असते. घासला की जाडी जाते. "सपाट दिसतं, पण पोट रिकामं," त्यांचे शब्द. मग विचारलंत कशाला? तर म्हणाले, बहुतेक लोक घासायलाच सांगतात. विकायची असते.

यात एक गुंता आहे, आणि तो मला सोडवता आलेला नाही. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्रानं विंटेज गाड्यांसाठी नियम आणले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. नंबर प्लेटवर व्हीए अक्षरं येतात, फी २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत, पुढे ५,००० रुपये. काकांची जीप वयात बसते. पण अट अशी की गाडी मूळ स्वरूपात असावी, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नसावा. पट्टी म्हणजे बदल का? गंज काढून त्याच जाडीचं लोखंड घातलं तर मूळ स्वरूप राखलं म्हणायचं की मोडलं? जुन्या गाड्यांच्या शौकिनांत काही जण टाका घासून त्यावर खोटी रिव्हेटची डोकी चिकटवतात. मला ते कौशल्य वाटतं, पण त्याच वेळी तो लांबीवाला गॅरेजवालाही आठवतो. शिवाय विंटेज नोंदणी झाल्यावर गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, दुरुस्ती, इंधन भरणं एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. रविवारी सकाळी येऊरला जाऊन भजी खाणं यातल्या कुठल्या कलमात बसतं? मी तूर्तास साध्या नोंदणीवरच राहिले आहे.

"ठेवा," मी मामांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली, वायर ब्रशनं नुसती राख झटकली आणि लाल ऑक्साइडचा डबा उघडला. पेटीच्या तळाला दोन भोकं पाडली, पाणी निघून जायला, आणि आतून पातळ मेण फवारलं. काळं ऑइल मारू का, असंही विचारलं. जुनं इंजिन ऑइल सगळे मारतात, फुकट असतं. त्याला मी नको म्हटलं.

प्रत्येक वेळी ती रेघ बघून मला छान वाटतं असं नाही. मागच्या महिन्यात एक जीपवाले गृहस्थ आले होते, खाली वाकले, म्हणाले, "वेल्डिंग फिनिश नाही केलं का?" आणि मला आधी चिडायला झालं आणि मग खरोखरच वाटलं, की रेघ जरा वेडीवाकडीच आहे, एके ठिकाणी मामांचा हात थांबलेला दिसतो. रंगवलेल्या उजव्या रेलशी तुलना केली तर डावी जुनाट दिसते. दिसू दे. मुसळधार पावसानंतर मी सोसायटीच्या नळाला पाइप लावून खालून चेसिस धुते आणि सेक्रेटरी खिडकीतून टँकरच्या पाण्याचा हिशोब सांगतात. तेही बरोबरच आहेत.

इमारतीचा प्रश्न मात्र वेगळ्याच टोकाला अडकला आहे. करार जवळजवळ झाला, सह्या व्हायच्या आहेत. परवा बिल्डरच्या माणसानं नकाशे आणले होते, प्रत्येक फ्लॅटला एक पार्किंग, पण स्टॅक. एकावर एक, लिफ्टवर चढणारी. मी विचारलं, वरच्या खणाची उंची किती?

"मॅडम, कुठली गाडी आहे?"

मी सांगितलं. त्यानं मोबाइलवर काहीतरी शोधलं, बराच वेळ शोधलं.

"हूड खाली पाडता येतं का तिचं?"

येतं म्हटलं, कापडी छप्परच ते. पण विंडस्क्रीनही पुढे दुमडावी लागेल, आणि तरी बॉनेट उरतंच. तो म्हणाला, आर्किटेक्टला विचारून सांगतो. अजून फोन आलेला नाही.